वळीव, ओढा आणि शाळेची घंटा

(माण व खटाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



अशा संमेलनात बोलावयास उभे राहिले म्हणजे पटनोंदणी, उपस्थिती आणि वाचन-लेखनाची प्रगती हे विषय ओघानेच येतात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु आज ते क्षणभर बाजूस ठेवून मी आपणांशी वळवाच्या पावसाविषयी बोलणार आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. निकाल हाती पडला की मुले मोकळी होतील. कोणी शेरडांमागे माळावर जातील, कोणी आंब्याच्या झाडाखाली दुपार काढतील, कोणी मामाच्या गावी जातील. वळीव येतो तो नेमका याच दिवसांत, आणि बहुधा दुपारी तीननंतर. म्हणजे मुले आपल्या नजरेआड असताना तो त्यांस गाठणार. तेव्हा आपण त्यांच्याजवळ नसू; आपण शिकविलेले काही असेल तर तेवढेच त्यांच्याजवळ असेल.

हा विषय मला का सुचला, ते प्रथम सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. शाळेपासून अर्ध्या मैलावर ओढा आणि ओढ्यापलीकडे एक वस्ती. त्या वस्तीवरून अकरा मुले शाळेत येत. आश्विनाचे दिवस होते. दुपारी चारच्या सुमारास डोंगराच्या अंगाला आभाळ काळेभोर झाले आणि गुरगुरू लागले. पाऊस येण्यापूर्वी मुले घरी पोहोचावीत अशा भल्या हेतूने मी अर्धा तास आधीच घंटा दिली. शाळेवर तर एक थेंबही नव्हता. मी हजेरीपत्रक भरीत बसलो. थोड्या वेळाने पाहतो तो ती अकराही मुले परत आलेली. पाऊस येतो आहे हे दिसत असता घरी जायचे सोडून परत का आलात, म्हणून मी त्यांच्यावर रागावलो. त्यांत पाचवीतील एक मुलगी होती, मेंढपाळाच्या घरची. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, “गुरुजी, पाणी गढूळ झालं.”

मी ओढ्यावर जाऊन पाहिले. सकाळी ज्या पात्रातून मुले चप्पल हातात न घेता आली होती, तेथे पुरुषभर पाणी उसळत होते. मागाहून मुलांनी सांगितले ते असे : ओढ्यात तेव्हा टाचा भिजतील एवढेच पाणी होते. दोघे मुलगे उतरलेही होते. त्या मुलीने पाण्याबरोबर काडीकचरा येताना पाहिला, पाण्याचा रंग बदलताना पाहिला आणि ओरडून सर्वांना मागे ओढले. मुलगे तिला हसले. ते हसू ओठांवर असतानाच वरून आवाज आला.

मित्रहो, त्याच महिन्याच्या चाचणीत जलचक्राच्या प्रश्नास मी तिला पाचांपैकी दोन गुण दिले होते. मी फळ्यावर समुद्र काढला होता, ढग काढले होते, बाण दाखविले होते. ज्या ओढ्यातून माझी अकरा मुले रोज दोन वेळा जात होती, तो ओढा मात्र त्या चित्रात नव्हता. जे मी शिकवावयास हवे होते ते तिला तिच्या बापाने मेंढरांमागे हिंडताना शिकविले होते. बाकीच्या दहांना ते कोणीच शिकविले नव्हते, आणि घंटा देणाऱ्या शिक्षकासही ते ठाऊक नव्हते.

म्हणून माझे आजचे सांगणे एका वाक्यात असे आहे : वळीव आणि ओढा हे आपल्या शाळेचे पाठ्यविषय आहेत, आणि आभाळ गडगडत असताना घंटा केव्हा द्यावी हा शिक्षकाचा सर्वांत जबाबदारीचा निर्णय आहे.

प्रथम वळवाचे रूप पाहू. चैत्र-वैशाखात जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते व वर चढते. समुद्रावरून आलेल्या वाऱ्यात पुरेशी वाफ असेल तर वर गेल्यावर ती थंड होऊन ढग बनतो, आणि वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती त्या ढगास आणखी वर रेटते. दुपारी कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग तासा-दीड तासात बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच जातो. त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला की समजावे, ढग पिकला. एवढ्या उंचीवर पाणी गोठते. बर्फाचे कण व लहान गारा एकमेकांवर आपटून त्यांच्यात विद्युत्‌भार साठतो, आणि त्याचा निचरा म्हणजे वीज. विजेच्या वाटेतील हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते व एकदम प्रसरण पावते. त्याचा जो आवाज होतो तो गडगडाट. पाऊस ओझे होऊन खाली येऊ लागला की तो थंड हवेसही खाली ओढतो. पावसाआधी धुरळा उडवीत येणारा गार वारा तो हाच. तो अंगाला लागला म्हणजे ढग आपल्या दारात आला असे मुलांस सांगावे.

असा एक ढग साधारण अर्धा-पाऊण तास जगतो व थोड्याच मुलखावर बरसतो. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे जुनी माणसे म्हणतात ते यामुळे. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; आपल्या पूर्व भागात त्याचा दहावा हिस्सा जेमतेम. परंतु तो दहावा हिस्साही सारखा वाटून येत नाही. वळवाचे व परतीचे दोन-चार तडाखेच त्यातला मोठा वाटा टाकून जातात. पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखात पावसाचे भय कोणास शिकवावेसे वाटत नाही. धोका नेमका येथेच आहे.

आता विजेविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. नैसर्गिक आपत्तींत त्या वर्षी जे मृत्यू झाले त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या विजेचे होते. वीज पडते ती प्रायः उघड्यावर काम करणाऱ्यांवर, म्हणजे शेतकरी, मजूर आणि गुराखी यांच्यावर. आपल्या शाळांतील मुले यांचीच आहेत.

मुलांस मोजावयास शिकवावे. प्रकाश तत्काळ दिसतो. आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि त्यांस तिनाने भागावे. जो भागाकार येईल तितके किलोमीटर वीज दूर. नऊ सेकंद आले तर तीन किलोमीटर. हे तिसरीच्या मुलासही जमते, आणि भागाकार कशासाठी शिकावयाचा या प्रश्नाचे उत्तरही त्यात मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. तेव्हा घरात जावयाचे. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटे बाहेर पडावयाचे नाही. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असे नव्हे. आणि पाऊस सुरू झालेला नसतानाही वीज पडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइल अ‍ॅप केले आहे. आपल्या सभोवती वीस व चाळीस किलोमीटरांच्या टापूत वीज पडत असल्यास ते कळविते. आपण ते अवश्य घ्यावे. परंतु माळावरच्या पोराजवळ फोन नसतो. असला तरी त्यास रेंज नसते. कान आणि बोटे मात्र सर्वांजवळ आहेत.

घरात म्हणजे कोठे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पक्क्या इमारतीची खोली सर्वांत बरी. शाळेचा व्हरांडा, पत्र्याची उघडी शेड, गवताचे खोपटे ही आडोसा देतात, संरक्षण देत नाहीत. खोलीतही खिडकीचे गज, नळ, विजेची उपकरणे, भारित होत असलेला फोन यांपासून दूर बसवावे. पटांगणातील ध्वजस्तंभ व हातपंप यांस हात लावू देऊ नये. दारे-खिडक्या बंद केलेली मोटार किंवा एसटीची गाडी हाही चांगला आसरा आहे.

सर्वांत मोठा घात करते ते झाड. वीज उंच व एकट्या झाडावर उतरते आणि तेथून शेजारच्या माणसावर उडी घेते, किंवा जमिनीतून चारी बाजूंस पसरते. जमिनीतून पसरणारी ही वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. पाय जितके लांब तितका आघात मोठा. गुरांचे पुढचे व मागचे पाय दूर असतात, म्हणून एका झाडाखाली उभी राहिलेली सारी गुरे एकदम दगावतात. आता वैशाखातला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. वावटळ सुटते, कैऱ्या पटापट पडतात आणि गावातली सारी पोरे आंब्याखाली धावतात. वळीव सुरू होताना मूल जेथे नसावे तेथेच ते असते. गारा वेचण्याचेही तसेच. कैऱ्या कोठे पळून जात नाहीत, गारा थोड्या विरघळल्या तरी चालतील. गडगडाट थांबून अर्धा तास झाल्यावर वेचाव्यात, हे मुलांच्या गळी उतरवावे.

माळावर आसराच नसेल तर काय करावे? एकट्या झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विजेच्या खांबापासून व पाण्यापासून दूर जावे. टेकाडावरून खाली सखल जागी यावे, मात्र ओढ्याच्या पात्रात उतरू नये. घोळका न करता एकमेकांत अंतर ठेवावे. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, कान झाकावेत, जमिनीवर आडवे पडू नये. यामुळे धोका कमी होतो, टळत नाही; म्हणून ढग चढताना दिसताच वस्ती गाठणे हाच खरा उपाय होय.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असा समज आहे. शाळातपासणीच्या वेळी एका वर्गात, आभाळ गरजू लागताच मुले एका मुलापासून सरकून बसलेली मी पाहिली. त्याला आणि साऱ्या वर्गाला तो पायाळू असल्याचे ठाऊक होते. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होते ते विजेचे भय नव्हते. जन्मताना पाय आधी आले की डोके आधी आले याचा विजेशी काडीमात्र संबंध नाही; वीज उंची पाहते, जन्मकथा पाहत नाही. असा समज असलेल्या वर्गात शिक्षकाने काही न बोलता त्या मुलाशेजारी जाऊन बसावे. त्याचा परिणाम तासभराच्या व्याख्यानाहून अधिक होतो. अर्जुनाची दहा नावे घेणाऱ्या आजीस मात्र दुखवू नये. ती नावे घराच्या आत बसून घ्यावीत, एवढेच सांगावे.

आता ओढा. वर्षातील दहा महिने तो कोरडा असतो, म्हणून आपण त्यास रस्ता समजतो. त्यात खळे करतो, गाडी लावतो, मुले खेळतात. पण ती वाट पाण्याची आहे. सातवीच्या मुलांस हे गणित घालून पाहावे. ओढ्यास पाणी देणारा डोंगरउतार पाच चौरस किलोमीटर आहे आणि तेथे तासात ४० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी किती? दोन लाख घनमीटर, म्हणजे वीस कोटी लिटर. काळ्या जमिनीच्या भेगा पहिले पाणी पितात हे खरे; पण उघड्या खडकावरून व मुरमाड उतारावरून ते थांबत नाही. समजा निम्मे पाणी तासाभरात ओढ्यास आले. दर सेकंदास किती? सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. मुलांस टँकर चांगला ठाऊक आहे. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर दर सेकंदास पावणेतीन टँकर! उन्हाळ्यात ज्या गावाचे डोळे एका टँकरच्या वाटेकडे लागलेले असतात, त्याच्याच ओढ्यातून हे पाणी जाते. मुले हे उत्तर विसरणार नाहीत.

पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि पूर खालच्या अंगाला येतो. पायाखाली धूळ असतानाही येतो. माझी चूक झाली ती येथेच : मी शाळेवरचे आभाळ पाहिले, डोंगरावरचे पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही. शहरेही यातून सुटत नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने पुण्यात हाहाकार केला. शहर व जिल्हा मिळून त्या पावसात वीसहून अधिक माणसे गेली. ज्या ओढ्याचे अस्तित्वही अनेकांच्या ध्यानी नव्हते, त्याने ही वेळ आणली.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. वेगवान पाणी घोट्याच्या थोडे वर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर असले तरी मोठ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. मग सहा वर्षांच्या मुलाचे काय? गढूळ पाण्याखाली फरशी आहे की वाहून गेली हे दिसत नाही. म्हणून मुलांस चार खुणा पाठ असाव्यात : पाणी एकाएकी गढूळ होणे, काडीकचरा वाहत येणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे, आणि पात्रातील पाणी पाहता पाहता वाढणे. यांपैकी एकही दिसली की मागे फिरावे व उंचावर जावे. दप्तर, चप्पल, शेरडू यांसाठी परत उतरू नये.

हे सारे शिकविण्यास नवे पुस्तक नको. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांबरोबर ओढ्याकाठाने चालत जा. मोठ्या पुराच्या वेळी पाणी कोठवर आले होते ते गावातील वृद्धांस विचारा आणि त्या दगडावर अथवा भिंतीवर चुन्याची रेघ मारा. वर्गात परत आल्यावर गावाचा नकाशा काढा. त्यात शाळा, वस्त्या, ओढा, त्यावरील उतार आणि मुलांच्या वाटा दाखवा. सरळ काठाचा एक डबा उघड्या जागी ठेवून त्यातील पाणी पट्टीने रोज ठरावीक वेळी मोजा व फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. अशा शाळेतील मुलांस चाळीस मिलिमीटर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

राहता राहिली घंटा. उन्हाळ्याच्या सकाळच्या शाळेत हा प्रश्न क्वचित येतो. परंतु भाद्रपद-आश्विनात परतीचा पाऊस येतो तो शाळा सुटण्याच्या वेळीच. तेव्हा माझी विनंती अशी की, प्रत्येक शाळेने आपला नियम आताच लिहून दर्शनी भिंतीवर लावावा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू येत असता घंटा द्यावयाची नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावयाचे. ओढा ओलांडून येणाऱ्या मुलांची स्वतंत्र यादी ठेवावी. वरच्या अंगाला पाऊस दिसत असल्यास त्यांस एकटे सोडू नये, मोठ्या माणसाच्या हाती द्यावे अथवा पाणी ओसरेपर्यंत ठेवून घ्यावे. लहान ओढ्याचा पूर जसा झपाट्याने येतो तसा बहुधा काही तासांत उतरतोही. ही गोष्ट जून महिन्यातच पालकसभेत सांगावी, म्हणजे मूल उशिरा आले तर आई घाबरणार नाही आणि बाप त्यास शोधण्यासाठी स्वतः पाण्यात उतरणार नाही.

आपणांपैकी पुष्कळजण तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात, हे मी जाणतो. शेवटची एसटी चुकेल, दुचाकी घाटात अडकेल, घरी लहान मूल वाट पाहत असेल. हा नियम पाळला तर वर्षातून दोन-तीन संध्याकाळी आपणांस उशीर होईल. ती गैरसोय खरी आहे, आणि तिची भरपाई कोणत्याही परिपत्रकात नाही. तथापि, त्या दिवशी माझी अकरा मुले परत आली नसती तर मी आज येथे उभा राहू शकलो नसतो. आपण स्वतःही भरल्या ओढ्यात गाडी घालू नये. मुले आपणांस पाहत असतात.

आणि एवढे करूनही कोणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात वीज राहते हा समज चुकीचा आहे. त्यास हात लावण्यास मुळीच भिऊ नये. श्वास व हृदय थांबले असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकास फोन करावा. वेळीच केलेल्या या साहाय्याने विजेने पडलेली माणसे पुष्कळदा वाचतात. शेणात पुरणे वगैरे उपायांत अमोल मिनिटे दवडू नयेत. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस बोलावून हे दाब देणे आपण सर्वांनी प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

शेवटी एक सांगतो. मुलांच्या मनात पावसाची दहशत बसवू नका. वळवाच्या पहिल्या सरीने मातीस जो वास येतो, तापलेल्या माळावर जी हिरवी लव उमटते, ते आपल्या कोरड्या मुलखाचे मोठे धन आहे. ते मुलांनी मनसोक्त भोगावे. मात्र आभाळ वाचावयास आणि ओढा ओळखावयास आपण त्यांस शिकवावे. सुटी लागण्यापूर्वीचा शेवटचा तास कोरा जातो. प्रगतिपुस्तके वाटून झालेली असतात, मुलांचे लक्ष दाराकडे असते. तो तास यंदा या पाठास द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. जूनमध्ये आपण पुन्हा हजेरी घ्याल, तेव्हा प्रत्येक नावामागे “हजर” असे उत्तर यावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.